आधी भट्टी, मग भाऊ

८ मार्च

सकाळी वर्कशॉपचं दार उघडतोय तोच एक म्हातारा तुटलेली कवळी घेऊन उभा. धुतलेली नाही. दाढांच्या मागे आदल्या दिवशीचं जेवण तसंच चिकटलेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून येणारा माल तरी धुऊन येतो, हे थेट गिऱ्हाईक म्हणजे देवाची करणी. इतकी वर्षं लोकांच्या तोंडातल्या वस्तू हाताळून माझी किळस मेली असेल असं सगळ्यांना वाटतं. मेलेली नाही, ठणठणीत आहे. पण आजची खरी मळमळ दुपारी झाली, क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडल्यावर.

गेले दोन महिने पोटाला चिमटा काढून मोठमोठ्या रकमा भरल्या. आणि कार्डावर उचललेल्या रोखीचा आकडा कमी व्हायचा सोडून वर चढलाय.

एकदाचं लिहून काढतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. या कार्डावर माझी दोन ओझी आहेत. एक, पोर्सेलीनची भट्टी, दातांच्या कॅप भाजायची. ती डिसेंबरात घेतली. वर्षभराची सवलत आहे, तोवर व्याज नावापुरतं, वर्षाला शेकडा दोन. दुसरं ओझं रोखीचं. ती जानेवारीत कार्डावर उचलली, दादाच्या तोंडावर फेकायला. तिचं व्याज शेकडा छत्तीस, तेही पहिल्या दिवसापासून.

फेकायला हाच शब्द बरोबर आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वर्कशॉपची खोली दोघांची, धंदाही दोघांचा. पूर्ण कवळ्या त्याच्याकडे, मेणात एकेक दात लावायचं काम तोच करायचा. कॅप आणि ब्रिज माझ्याकडे. एके दिवशी दवाखान्यात चार माणसांदेखत माझी कॅप चिमट्यात धरून म्हणाला, "हा दात आहे की बाथरूमची फरशी?" सगळे फिदीफिदी हसले. त्याच्या घरी गेल्यावर मी तोंड सोडलं, त्यानंही सोडलं, मग वहिनी मध्ये पडल्या. "अर्धी खोली आमची आहे, विसरू नका," म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी कार्डावर निघेल तेवढी रोख काढली, पिशवीत भरली, त्याच्या हिश्श्याची किंमत म्हणून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आपटली. म्हटलं, "मोजून घे. आजपासून तू मला मेलास."

तो पुढ्यातला घास तसाच हातात धरून बसला होता. त्याचं काय ते त्याच्यापाशी.

१० मार्च

बँकेला फोन. आधी गाणं ऐकवलं, मग दुसरं गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. आवाज इतका गोड की कानाला चिकटला.

"सर, तुमचा भरणा आधी कमी व्याजाच्या रकमेला लागतो. ती पूर्ण फिटली की मग जास्त व्याजाच्या रकमेला."

"म्हणजे मी भरलेलं सगळं भट्टीला गेलं?"

"हो, सर."

"आणि छत्तीसवाली रोख?"

"ती चालू राहते, सर."

"चालू राहते म्हणजे चढत राहते."

"हो, सर."

"अहो बाई, पैसे माझे, कर्ज माझं. आधी कुठलं फेडायचं ते मी ठरवायला नको?"

"ते नियमांत दिलेलं आहे, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

आणखी काही! आधी कोणती मदत केली होती, ते तरी सांग. मी फोन आपटला. जी भट्टी मला चावत नाही, तिला माझा घास भरवायचा. आणि जी रोख रोज लचका तोडतेय, तिला माजू द्यायचं. कुठल्या सुशिक्षित माणसानं बसून हा नियम लिहिला असेल? त्याला रात्री झोप कशी लागत असेल?

मला भट्टीची घाई नाहीच. मला ती रोख फेडायची आहे. दादाचं नाव माझ्या डोक्यावरून उतरवायचं आहे.

२६ मार्च

युक्ती सापडली. बँकेच्या पानावर पैसे भरताना शेरा लिहायला एक छोटी जागा असते. तिथे लिहिलं: 'हे रोखीचे आहेत. भट्टीला लावू नयेत.' आता कसे पळतात बघू.

९ एप्रिल

सगळे भट्टीला लावले.

तो शेरा कोणी वाचत नाही म्हणे. फक्त आपल्याला आठवण राहावी म्हणून असतो. म्हणजे मी मलाच पत्र लिहिलं!

संध्याकाळी बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, वहिनींचा फोन आला होता."

"कोण वहिनी?"

"तुमच्या. ती पिशवी तशीच आहे म्हणाल्या. कपाटात ठेवलीय, दादांनी गाठसुद्धा सोडलेली नाही. कधीही येऊन घेऊन जा म्हणाल्या."

मी सांगितलं, त्या घरातून एक दमडी जरी इथे आली तर मी घर सोडीन. आणि पुन्हा माझ्यासमोर ते नाव काढायचं नाही.

"नाही काढत," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण पैसे त्यांच्या कपाटात पडून आणि व्याज आपण भरायचं, हे कुठलं गणित?"

तिला व्यवहारातलं काही कळत नाही. पैसे कुठे पडलेत हा प्रश्नच नाही, बँक ते कुठे लावते हा प्रश्न आहे.

२१ मे

या महिन्यात तिसरी कवळी परत आली. आजीबाई दवाखान्यात आरसा बघून रडल्या म्हणे, घोड्यासारखी दिसते म्हणाल्या. डॉक्टरीणबाई फोनवर फार सभ्यपणे बोलल्या. त्या सभ्यपणे बोलतात तेव्हा समजायचं की गळ्याशी आलंय.

"पूर्वी तुमच्याकडच्या कवळ्यांना हात लावावा लागत नसे," म्हणाल्या.

पूर्वी म्हणजे कधी, ते दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, मेण हल्ली बरोबर येत नाही.

मेण तेच आहे. दात लावायला बसलो की माझी बोटं विटा रचायला लागतात. सगळे एका उंचीचे, एका रेषेत, शाळेच्या रांगेसारखे. कवळी बघून मलाच शिसारी येते. पण मी शिकेन. दादा काय आईच्या पोटातून शिकून आला होता?

१४ जुलै

बँकेत जाऊन आलो. काचेचं केबिन, आत साहेब, साहेबांच्या टेबलावर एक कागद नाही. इतकं स्वच्छ टेबल म्हणजे काम करत नसणार. समोर वाटीत फुकटच्या गोळ्या ठेवलेल्या, साखरेच्या. माणसाला बुडवतात, वर दातही किडवतात.

मी सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक सोपा मार्ग आहे. तुम्ही सगळी रक्कम एकदम भरून टाका, म्हणजे प्रश्नच राहत नाही."

"एवढे पैसे असते तर तुमचं तोंड बघायला आलो असतो का?"

"घरात कोणाकडे उपलब्ध नाहीत? नातेवाईक?"

"नाहीत," मी म्हटलं.

"मग निदान सवलत संपायच्या आत भट्टीची बाकी संपवा. नोव्हेंबरअखेर जे उरेल ते सगळंच छत्तीसवर जाईल."

हे मला माहीतच नव्हतं असं नाही. पण त्या माणसानं ते हसत हसत सांगितलं, दात दाखवत. पुढचे चारही दात कॅपचे, आणि कामही भिकार. उठताना मी दोन गोळ्या उचलल्या. तेवढेच वसूल.

२ सप्टेंबर

आज गुळ्या येऊन गेला. नाक्यापलीकडच्या मोठ्या लॅबचा मालक. बोलणं असं पाघळतं की त्याला सगळे गुळ्याच म्हणतात. हात मागे बांधून भट्टीभोवती फिरला. मग तिच्या दारावरून बोट फिरवून धूळ बघितली, जणू मुलगी बघायला आलाय.

"ऐकलं तुमचं," म्हणाला. "वाईट वाटलं. निम्म्या किमतीला नेतो, आजच्या आज सांगत नाही, नोव्हेंबरपर्यंत विचार करा. आणि तुम्हीही या की माझ्याकडे. टेबल देतो, पगार देतो. या वयात कशाला डोक्याला त्रास?"

भट्टी गेली तर कॅप बंद. कॅप बंद झाल्या तर राहिल्या कवळ्या, आणि माझ्या कवळ्या बघून आजीबाया रडतात. म्हणजे खोलीला कुलूप, आणि मी गुळ्याच्या हाताखाली, त्याच्या घड्याळानुसार. मेलो तरी चालेल.

विचार करतो म्हटलं.

३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंचा सकाळी फोन. "एक पूर्ण कवळी आहे, वरची-खालची. पेशंटनं तुमचंच वर्कशॉप सांगितलंय. चोखंदळ आहे, सांभाळून करा." बरं वाटलं. म्हटलं, कोणाला तरी माझी किंमत आहे.

दुपारी खोका आला. नेहमीसारखा नुसता केस नंबर, नाव नाही. हिरड्यांच्या मापात प्लास्टर ओतलं, सुकल्यावर सोडवलं, हातात घेतलं, आणि तसाच बसून राहिलो.

टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटा. बाबांना होता, मलाही आहे, जीभ लावली की लागतो. आणि डावीकडची हिरडी समोर खोलगट; लहानपणी झोपाळ्याची फळी लागून तिथला दात गेला होता. फळी मी सोडली होती.

दादाचा जबडा. एक दात शिल्लक नाही.

त्याच्या हिरड्या खराब होत्या हे मला ठाऊक होतं. पण सगळे काढले? कधी काढले? इतके दिवस काय खात होता? मला एकदम भडभडून आलं आणि त्याचाच राग आला. घरी जाऊन बायकोवर ओरडलो, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, ते नाव काढायचं नाही."

माणूस रागात काहीही म्हणतो. ते असं धरून बसायचं असतं का?

आणि माझंच वर्कशॉप का सांगितलं, तेही आता कळलं. माझी परीक्षा घेतोय. चार लोकांत हसायला पुन्हा काहीतरी हवंय त्याला.

१० ऑक्टोबर

मेणात दात लावून दवाखान्यात पाठवले. इतकी मेहनत कुठल्याच कवळीवर घेतली नव्हती. ठेव नावं म्हणावं आता.

१३ ऑक्टोबर

परत आली. मी झाकण उघडलं आणि माझा विश्वासच बसेना. पेशंटनं मेणात बोटं घातली आहेत!

डावा सुळा किंचित आत फिरवलाय. पुढचे दोन दात मी सरळ लावले होते, त्यातला एक दुसऱ्यावर जरासा चढवलाय. खालच्या दाढा केसभर आत ढकलल्यात. मेणावर अंगठ्याचा ठसा, आणि वर थुंकी सुकलेली. अशी घाण मी आजवर पाहिली नव्हती. गिऱ्हाईक तक्रार करतं, रडतं, शिव्या देतं. मेणात हात घालत नाही.

धुतली. जबड्याच्या यंत्रावर चढवली, मिटली. टक् करून एकच आवाज आला. एकही दात आधी टेकत नाही, एकही मागे राहत नाही. आणि यंत्रावरचा तो चेहरा नसलेला जबडा माणसाचा वाटायला लागला.

मी सुळा पुन्हा माझ्या जागी नेला. बघितला. परत त्याच्या जागी ठेवला. त्याच्याकडून शिकायला मिळालं असं मी म्हणणार नाही. म्हातारपणी लोकांना आपल्याच मताचं पडलेलं असतं, पेशंटचं ऐकावं लागतं.

२१ ऑक्टोबर

कवळी पक्की करून, घासून, चकचकीत करून पाठवली. बिलात एक पैसा सोडला नाही. सगळा पैसा बँकेत भरला, बँकेनं तो भट्टीला लावला. आता वाचूनही किळस येत नाही इतकं नेहमीचं झालंय, आणि याचीच जास्त किळस येते.

१९ नोव्हेंबर

महिनाअखेर जवळ आली. भट्टीची बाकी बरीच उतरली, पण माझ्या आवाक्यात अजून नाही. रोख मात्र माजून गब्बर झालीय. तिच्याच विक्रीतून ती भागवायची, म्हणून गुळ्याला हो कळवलं. सोमवारी टेम्पो पाठवतो म्हणाला, वर म्हणाला, "तुमचा पांढरा डगला आणा, आमच्याकडे निळा असतो, पण चालेल."

भट्टी आतून पुसली. विकायच्या वस्तूला कोण पुसतं? बायको दारात येऊन बघून गेली.

२१ नोव्हेंबर

आज दादा आला.

मी घासयंत्रावर होतो, मान वर केली तर समोर. बारीक झालाय. नवे दात लावले होते, माझे. बोलताना 'स'ला शिट्टी वाजते, ते आठवडाभरात जाईल. हातात तीच पिशवी. हे बायकोचंच काम, घरी गेल्यावर बोलणार आहे.

पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "बँकेत भर. टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांग."

"तुला काही माहीत नाही," मी म्हटलं. "हे भरले तरी ते रोखीला लागणार नाहीत. आधी भट्टीला लागतील. बँकेचा नियम आहे तसा."

"बरं."

"बरं काय बरं? नीट ऐक. हे पैसे मी रोखीतून तुला दिले. तेच तू परत आणलेस. तरीही ती रोख फिटत नाही! तशीच उभी राहते, छत्तीस टक्क्यांनी. आहे की नाही हरामखोरी?"

तो विचारात पडला. त्याला आकडे सावकाश कळतात. मग म्हणाला, "पण भट्टी फिटते?"

"भट्टी फिटते. पुरतील एवढे आहेत."

"म्हणजे भट्टी माझ्या पैशातनं झाली."

"तसं म्हण हवं तर."

"मग तिच्यात फरश्या भाजू नकोस म्हणजे झालं."

मला हसू आलं. रागच यायला हवा होता, पण आलं हसू. तोही हसायला लागला, आणि लगेच तोंडावर हात धरला, खालची कवळी उचलली जाते म्हणून. मी म्हटलं, "काढ ती, बघू." त्यानं ती माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली, ओली, तारा सुटलेल्या थुंकीसकट. काय माणूस आहे! मी काठ घासून दिला.

पैसे भरून आलो. गुळ्याला फोन करून नाही म्हटलं. त्याचा गूळ क्षणात आंबला.

९ डिसेंबर

स्टेटमेंट आलं. भट्टीसमोर शून्य. खाली रोख, जानेवारीत उचलली त्याहून कितीतरी जास्त. इतके महिने पैसे ओतले, त्यातला एक पैसासुद्धा तिला शिवला नाही. आता भरू ते सगळं तिलाच लागेल. दादा म्हणतो निम्मं त्याचं. मी नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही.

तो रोज येतो. मी त्याला किल्ली करून दिली. खिडकीजवळची उजेडाची जागा दिली, मी भिंतीकडे सरकलो. कवळ्यांची सगळी कामं पुन्हा त्याच्याकडे. त्याची खालची कवळी तीनदा सैल-घट्ट करून दिली, बिल लावलं नाही. परवा वहिनी आल्या तर उठून उभा राहिलो, स्वतः चहा केला. डॉक्टरीणबाईंना आपण होऊन सांगितलं की मेण आता बरोबर येतंय. त्या पिशवीच्या दिवशी काय बोललो ते कशाला उकरायचं? आणखी काय करायचं माणसानं?

पण आज ते स्टेटमेंट बघून पुन्हा डोकं सणकलं. दादाला वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ, ही बँकवाल्यांची जात कशी आहे! जे सोपं आहे, ज्याचं ओझं नाही, ते तेवढं आधी भागवून घ्यायचं. आणि जे आतून जाळतंय त्याला हातच लावायचा नाही, ते मागे ठेवून द्यायचं. शी! माणसं आहेत की कोण आहेत?"

दादानं मेणाचे हात पुसले, डगला काढून खिळ्याला अडकवला. निघाला, आणि दारात जाऊन थांबला. माझ्याकडे तोंड करून, बराच वेळ. मी सांगायचं काही राहिलंय आणि ते ऐकूनच जायचंय, अशा बेतानं उभा होता.

मी आठवून बघितलं. उद्याची सगळी कामं त्याला सांगून झाली होती.

"दार ओढून घे," मी म्हटलं. "धूळ येते."